हाडावरून चेहरा: ममी, सीटी स्कॅन आणि अनुमान



आजचा विषय कळल्यावर दोघा-तिघांनी मला फोन करून विचारलं, "सर, तुम्ही आयुष्यभर तर्कशास्त्र आणि ज्ञानमीमांसा शिकवलीत, मग ममीच्या चेहऱ्यावर काय बोलणार?" प्रश्न रास्त आहे. मी डॉक्टर नाही, पुरातत्त्वज्ञही नाही. पण या विषयाच्या पोटात जो प्रश्न आहे, तो आमच्याच घरातला आहे. समोर आहे ते हाड. त्यावरून आपण म्हणतो, "हा माणूस असा दिसत होता." जे दिसतं त्यावरून जे दिसत नाही ते सांगायचं, यालाच आपल्याकडे अनुमान म्हणतात. तेव्हा मला इथे बोलायचा थोडाफार अधिकार आहे असं समजून ऐका.

शाळेत असताना आमची सहल बडोद्याला गेली होती. तिथल्या संग्रहालयात इजिप्तची एक ममी आहे. त्या पेटीसमोर उभं राहून मी गुरुजींना विचारलं, "ही कोण होती?" गुरुजी म्हणाले, "ही इजिप्तची." मी विचारलं होतं 'कोण', आणि उत्तर आलं 'कुठली'. चूक गुरुजींची नव्हती. शतकभर जगानं ममींना हेच उत्तर दिलं होतं. ममी ही वस्तू होती, माणूस नव्हती. एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये थॉमस पेटीग्रू नावाचे शल्यवैद्य तिकीट लावून, लोकांसमोर ममींच्या पट्ट्या सोडत असत. १९०८ साली मँचेस्टरमध्ये मार्गारेट मरे या विदुषीनं दोन ममी उलगडल्या, तेव्हा सुमारे पाचशे लोक बघायला जमले होते. मरेबाईंचं काम शास्त्रीय होतं, पेटीग्रूंसारखा खेळ नव्हता. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखीच: एकदा सोडलेली पट्टी पुन्हा तशी बांधता येत नाही.

सर्वांत दुःखद उदाहरण तूतनखामुनचं. १९२२ साली हॉवर्ड कार्टरला त्याची कबर सापडली आणि १९२५ साली ममी तपासायला घेतली. अंत्यविधीच्या वेळी ओतलेली राळ इतकी घट्ट झाली होती की देह शवपेटीला आणि डोकं त्या प्रसिद्ध सोन्याच्या मुखवट्याला चिकटून बसलं होतं. ते सोडवण्यासाठी गरम सुऱ्या वापरल्या, देहाचे तुकडे करावे लागले. म्हणजे चेहरा बघण्यासाठी चेहऱ्याच्या मालकाचंच डोकं धडावेगळं केलं. ज्ञानाची ही किंमत फार झाली, असं आज आपल्याला वाटतं. तसं वाटण्याची चैन आपल्याला परवडते, कारण आपल्याकडे दुसरा मार्ग आहे.

तो दुसरा मार्ग म्हणजे सीटी स्कॅन. इथे बसलेल्यांपैकी निम्म्यांनी तरी तो स्वतःचा करून घेतला असेल! पण तो काय करतो हे आपण क्वचितच विचारतो. साधा एक्स-रे म्हणजे सावली. पुढचं हाड, मागचं हाड, मधली पट्टी, सगळं एकावर एक पडतं. १९०३ साली थुतमोस चौथा या फॅरोची ममी कैरोत चक्क घोडागाडीत घालून एक्स-रेसाठी नेली होती, पण हाती आली ती सावलीच.

सीटीचं तसं नाही. घरी अळूवडी करतात, तो उंडा आठवा. बाहेरून नुसता गुंडाळा दिसतो. कापला की प्रत्येक वडीवर आतलं चक्र दिसतं, कुठे पान, कुठे पीठ. सगळ्या वड्या क्रमानं पुन्हा जोडल्या, की उंड्याच्या आतला प्रत्येक बिंदू कुठे आहे ते सांगता येतं. सीटी यंत्र हेच करतं, फक्त सुरी न लावता. एक्स-रेची नळी देहाभोवती फिरते, निरनिराळ्या कोनांतून किरण किती शोषले गेले ते मोजते, आणि त्या मोजमापांवरून संगणक एकेक काप तयार करतो. हे यंत्र गॉडफ्री हाऊन्सफील्ड यांनी बनवलं. त्यामागचं गणित अ‍ॅलन कॉर्मॅक यांनी आधीच स्वतंत्रपणे मांडलं होतं. दोघांना १९७९ साली नोबेल मिळालं. हाऊन्सफील्ड यांच्याच नावानं घनतेचं माप आहे. त्यात पाणी शून्य, हवा उणे एक हजार, हाड अधिक काहीशे ते हजाराच्याही वर, आणि धातू त्याहून पुष्कळ वर. म्हणून पट्ट्यांच्या आतलं सोन्याचं ताईत लख्ख दिसतं.

पण ममीच्या बाबतीत इथे एक अडचण येते. यंत्र बनलं जिवंत माणसासाठी, आणि जिवंत माणूस बराचसा पाणी आहे. ममीत पाणीच नाही. वाळलेलं मांस, तागाची पट्टी आणि राळ यांचे आकडे एकमेकांच्या इतके जवळ येतात की संगणकाला कातडी कुठे संपली आणि कापड कुठे सुरू झालं ते कळत नाही. मग जाणकार माणूस पडद्यासमोर बसून, एकेक काप बघत, हातानं रेघ ओढतो. हे मी मुद्दाम सांगतो. "संगणकानं चेहरा काढला" असं आपण वर्तमानपत्रात वाचतो, तेव्हा त्या संगणकामागे पावलोपावली कुणीतरी निर्णय घेत असतं.

या पद्धतीचं मला सर्वांत समाधान देणारं उदाहरण अमेनहोटेप पहिला या राजाचं आहे. १८८१ साली त्याची ममी सापडली. फुलांच्या माळा, रंगीत मुखवटा, सगळं इतकं सुंदर होतं की आधुनिक काळात कुणाला ती उलगडायचा धीर झाला नाही. इजिप्तच्या रेडिओलॉजी तज्ज्ञ सहर सलीम आणि पुरातत्त्वज्ञ झाही हवास यांनी तिचा सीटी अभ्यास करून २०२१ साली तो प्रसिद्ध केला. राजा सुमारे पस्तिशीत वारला, उंची साधारण १६९ सेंटीमीटर, दात चांगले, वरचे दात किंचित पुढे, हनुवटी अरुंद, आणि चेहरेपट्टी वडिलांच्या, म्हणजे अहमोसच्या वळणावर. अंगावर तीस ताईत. एकही पट्टी न सोडता हे सगळं कळलं. माळा जिथल्या तिथे.

आता तुम्ही म्हणाल, ममीला चेहरा असतोच की! कातडी टिकलेली असते. मग नव्यानं घडवायचा कशाला? त्याचं कारण असं की वाळलेला चेहरा हा त्या माणसाचा चेहरा नव्हे. मनुका बघून द्राक्ष कसं होतं ते सांगता येत नाही. मांस आक्रसतं, ओठ मागे ओढले जातात, पट्ट्यांच्या दाबानं नाक चपटं होतं.

आणि हे त्या काळच्या इजिप्तच्या लोकांनाही ठाऊक होतं! रामसेस दुसरा याच्या नाकपुड्यांत मिरीचे दाणे भरलेले सापडले. त्याचं बाकदार नाक बसू नये म्हणून केलेली ती तजवीज. आणि मंडळी, काळी मिरी त्या काळी पिकत होती आपल्या दक्षिण भारतात. तीन हजार दोनशे वर्षांपूर्वी तिकडच्या सम्राटाचं नाक सावरायला इकडचे चार दाणे गेले. पुढे एकविसाव्या राजवंशात तर कातडीखाली कापड, माती वगैरे भरून गाल पुन्हा फुगवायची रीतच पडली. राणी हेनुत्तावी हिच्या गालांत भरण इतकं जास्त झालं की पुढे ते फुटले. हे ध्यानात ठेवा. मेलेल्याचा चेहरा परत आणायची धडपड आजच्या प्रयोगशाळेत सुरू झालेली नाही. ती ममी करणाऱ्यांनीच सुरू केली, आणि प्रमाणाबाहेर भरलं तर काय होतं तेही त्यांनीच दाखवलं.

आता मूळ कृतीकडे येऊ. हाडावरून चेहरा कसा करतात?

१८९५ साली जर्मनीत विल्हेल्म हिस या शरीरशास्त्रज्ञापुढे प्रश्न आला की लाइपझिगमध्ये सापडलेली एक कवटी संगीतकार बाखची आहे का? हिसनं मृतदेहांच्या चेहऱ्यावर ठरावीक ठिकाणी सुई टोचून कातडीपासून हाडापर्यंतची जाडी मोजली, सरासरी काढली, आणि शिल्पकाराकडून त्या मापानं कवटीवर माती चढवून घेतली. आजची पद्धत मुळात तीच आहे. कपाळावर चार-पाच मिलिमीटर, गालाच्या मांसल भागात दोन सेंटीमीटरच्या आसपास, अशी पंचवीस-तीस ठिकाणची मापं घेतात. वय, लिंग आणि लोकसमूह यांप्रमाणे तक्ते वेगळे. कवटीची प्रतिकृती, सीटीवरून छापलेली किंवा पडद्यावरची, तिच्यावर खुंट्या लावतात. मग एकेक स्नायू चढवतात. आपल्याकडे गणपतीचा मूर्तिकार शाडूची माती थराथरानं चढवतो तसंच. स्नायू जिथे हाडाला चिकटतो तिथे हाडावर खूण असते. जबडा भक्कम असेल तर ती खूण ठसठशीत. म्हणजे हाड नुसता सांगाडा नाही, त्यावर मांसाच्या नोंदी आहेत. या नोंदी वाचण्यात सोव्हिएत शास्त्रज्ञ गेरासिमोव्ह आणि मँचेस्टरचे रिचर्ड नीव्ह यांनी मोठं काम केलं.

पण सगळ्याची नोंद हाडावर नसते. डोळ्यांची खोबण हाडाची, त्यामुळे डोळे कुठे आहेत ते पक्कं कळतं. पापणीची ठेवण तितकी नाही. नाकाचं मूळ हाडाचं, शेंडा कूर्चेचा. तो नाकाच्या हाडाच्या कलावरून अंदाजानं काढतात. ओठांची रुंदी दातांवरून अंदाजता येते, जाडी अवघड. कान जवळजवळ कल्पनेचेच. आणि कातडीचा रंग? कवटी त्याबद्दल काहीच बोलत नाही.

मग हे कितपत खरं? याची कसोटी घेतली गेली आहे. जिवंत माणसांचे सीटी स्कॅन घेऊन, त्यांचे चेहरे लपवून, फक्त कवटी तज्ज्ञांना दिली. २००६ साली कॅरोलिन विल्किन्सन आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अशा चाचणीत घडवलेल्या चेहऱ्याच्या सुमारे दोन-तृतीयांश भागात खऱ्या चेहऱ्यापासूनचा फरक दोन मिलिमीटरपेक्षा कमी होता. ही गोष्ट थक्क करणारी आहे. पण उरलेला एक-तृतीयांश कुठला, हेही विचारा. आपण एकमेकांना ओळखतो ते बहुतेक वेळा त्याच भागांवरून.

आता माझ्या घरच्या विषयाकडे येतो. न्यायदर्शनात अनुमानाचं जुनं उदाहरण आहे: डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे आग आहे. कशाच्या जोरावर? तर जिथे जिथे धूर तिथे तिथे आग, या अटळ साहचर्याच्या जोरावर. याला व्याप्ती म्हणतात. उलटं मात्र करता येत नाही. आग आहे म्हणून धूर असेलच असं नाही, कारण तापलेल्या लोखंडात आग आहे, धूर नाही. आगीतून धूर यायला लाकूड ओलं असावं लागतं. ही जी छुपी अट, तिला नैयायिक उपाधी म्हणतात. ज्या अनुमानात उपाधी शिरली, ते अनुमान खात्रीचं राहत नाही.

कवटीवरून चेहरा हे अनुमान नेमकं असं आहे. त्याचे काही भाग निरुपाधिक आहेत. खोबण इथे, तर डोळा इथेच. काही भागांत उपाधी आहे. या हाडावर इतकं मांस, पण केव्हा? माणूस बेताच्या बांध्याचा असेल तर. दुष्काळात अर्धपोटी राहिलेला असेल तर नाही, राजवाड्यात सुस्तावलेला असेल तरी नाही. आणि तिसरा भाग असा की तिथे व्याप्तीच नाही. केस, भुवया, रंग, नजर, चेहऱ्यावरचा भाव. तिथे अनुमान संपतं आणि निवड सुरू होते. माझं साधं म्हणणं असं आहे की प्रदर्शनात ठेवलेला तो सुंदर, डोळे लुकलुकणारा चेहरा या तिन्ही भागांना एकाच रंगात रंगवतो. बघणाऱ्याला कळतच नाही की कुठे हाड बोलतंय आणि कुठे कलाकार.

२००५ सालचा तूतनखामुनचा प्रयोग याच दृष्टीनं महत्त्वाचा आहे. जानेवारीत त्याचा सीटी स्कॅन झाला, सुमारे सतराशे प्रतिमा घेतल्या. मग तीन गट नेमले: इजिप्तचा, फ्रान्सचा आणि अमेरिकेचा. अमेरिकन गटाला ही कवटी कुणाची ते सांगितलंच नाही. हे का आवश्यक होतं? सोन्याचा तो मुखवटा एकदा पाहिलेला माणूस माती चढवताना तो विसरू शकेल का? हातच तिकडे वळेल. न सांगताही त्या गटानं ओळखलं की हा उत्तर आफ्रिकेतला, अठरा-एकोणीस वर्षांचा तरुण पुरुष. तिन्ही चेहऱ्यांची ठेवण, डोक्याचा लांबट आकार, डोळ्यांची जागा जुळली. नाकाचा शेंडा, हनुवटी, कान यांत फरक पडला. म्हणजे व्याप्ती जिथे होती तिथे एकमत, आणि उपाधी जिथे होती तिथे मतभेद. तर्कशास्त्राच्या वर्गात यापेक्षा चांगलं प्रात्यक्षिक मी देऊ शकलो नसतो.

आणि पुढे वाद कशावरून झाला? कातडीच्या रंगावरून. ते प्रदर्शन अमेरिकेत गेलं, तेव्हा फ्रेंच चेहऱ्याच्या फिकट रंगाविरुद्ध निदर्शनं झाली. कवटीनं ज्याबद्दल एक अक्षर उच्चारलं नव्हतं, त्यावरच माणसं भांडली. त्यांना दोष देऊ नका. चेहरा एकदा पुढे आला की लोक त्यात आपला माणूस शोधतात. हरियाणातल्या राखीगढीच्या हडप्पाकालीन दफनभूमीतल्या दोघांचे चेहरे २०१९ साली असेच समोर आले. उत्खनन पुण्याच्या डेक्कन कॉलेजचं, प्राध्यापक वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखालचं, आणि चेहरे कोरियन शास्त्रज्ञांच्या साथीनं सीटीवरून घडवलेले. साडेचार हजार वर्षांपूर्वीची ती माणसं बघून आपल्याकडेही पहिला प्रश्न हाच आला: हे कोण, आमचे की त्यांचे? त्याचं उत्तर नाकाच्या शेंड्यावरून काढायला जाऊ नये, एवढं तरी आपण शिकावं.

मगाशी १९०८ सालच्या मँचेस्टरचा उल्लेख केला. त्या दोन ममींची गोष्ट पुरी करतो. नख्त-आंख आणि ख्नूम-नख्त, सुमारे ३८०० वर्षांपूर्वीचे. शवपेट्यांवरच्या लेखांत दोघांच्या आईचं नाव एकच आहे, ख्नूम-आ. पण हाडं तपासणाऱ्या शरीरशास्त्रज्ञाला ती इतकी वेगळी वाटली की हे सख्खे भाऊ असणं कठीण, असं त्यानं म्हटलं. १९७३ साली रिचर्ड नीव्ह यांनी दोघांचे चेहरे घडवले. तेही वेगळेच दिसले. मग एक दत्तक असेल, अशी चर्चा शतकभर चालली. शेवटी दातांतला डीएनए तपासला आणि २०१८ साली निकाल प्रसिद्ध झाला: आई एक, वडील वेगळे.

बघा, किती सुंदर आहे हे! हाड खरं बोलत होतं, ती दोघं वेगळीच दिसत होती. आणि शवपेटीवरचा लेखही खरा होता. आपल्या परंपरेत प्रमाणं एकाहून अधिक मानली आहेत. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे विश्वासू माणसाचं सांगणं. तिथे कुणीतरी लाकडावर लिहून ठेवलं होतं की हे दोघं एका आईचे. शंभर वर्षं आपण अनुमानाच्या जोरावर त्या शब्दावर संशय घेतला, आणि शब्द टिकला.

आता शेवटचं, आणि थोडं खासगी.

माझी आई मी चार वर्षांचा असताना गेली. तिचा एकही फोटो नव्हता. पुढे वडिलांनी आमच्या गावातल्या एका चित्रकाराकडून तिचं चित्र काढून घेतलं. चित्रकारानं तिला पाहिलेलं नव्हतं. त्यानं मावशीला समोर बसवलं, आजीला विचारलं, नाक थोडं लहान कर, कपाळ मोठं कर, असं करत चित्र झालं. आजीनं ते पाहिलं, डोळे पुसले, आणि म्हणाली, "आहे. तिचंच आहे. पण ती अशी बघत नसे." ते चित्र पन्नास-साठ वर्षं आमच्या भिंतीवर आहे. मला आईची एक अंधूक आठवण होती, चुलीपाशी पाठमोरी, मान वळवून माझ्याकडे बघणारी. आज ती आठवण काढली की मान वळवणाऱ्या बाईला चेहरा असतो तो चित्रातला. मूळचा कुठला होता, मला सांगता येणार नाही. त्या चित्रानं मला आई दिली, आणि जी थोडीशी होती ती घेतलीही.

म्हणून हे पुनर्निर्मित चेहरे मी बघतो, तेव्हा आनंदही होतो आणि थोडी धास्तीही वाटते. ते करू नयेत असं माझं अजिबात म्हणणं नाही. इजिप्तच्या माणसाची श्रद्धा अशी होती की चेहरा टिकला तर आत्मा आपला देह ओळखतो, आणि नाव उच्चारलं गेलं तर माणूस जगतो. पेटीत 'वस्तू' होऊन पडण्यापेक्षा त्याला चेहरा मिळणं त्यालाही आवडलं असतं, असं मला वाटतं. पण तो देताना आजीचं वाक्य बाजूला लिहून ठेवावं. हा भाग हाडावरून, हा भाग सरासरीवरून, आणि हा भाग आमच्या मनचा. एवढं प्रामाणिकपणे सांगितलं, तर बघणाऱ्याचं कुतूहल कमी होत नाही. उलट तो अधिक नीट बघतो.

आणि शेजारी नाव लिहावं. माहीत असेल तर आईचंसुद्धा.